सीटी-एमआरआयची देखभाल: कंपनीचा करार, बाहेरची एजन्सी की स्वतःचे इंजिनिअर?

समूहातल्या सगळ्या रुग्णालयांची यंत्रं एकाच करारात बांधून टाकण्याचा मोह होतोच. एक कागद, एक बिल, तक्रारीला एकच नंबर. पण करार यंत्रागणिक ठरवावा, असं माझं ठाम मत आहे.

सीटीत सगळं गणित एक्स-रे ट्यूबभोवती फिरतं. ती झिजणारच; जितके स्कॅन जास्त, तितकी लवकर. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या सीएमसीत (सुट्या भागांसह सर्वसमावेशक देखभाल करारात) ट्यूब धरलेली असेल तर वर्षाची रक्कम जड वाटते, पण अचानक मोठा खड्डा पडत नाही. एएमसीत (साध्या वार्षिक देखभाल करारात) इंजिनिअरच्या भेटी आणि मजुरी मिळते, ट्यूब मात्र तुमच्या खिशातून. अपघाताचे रुग्ण रात्रंदिवस येतात तिथे मी सीएमसीच घेईन. दिवसाला मोजकेच स्कॅन होणाऱ्या शाखेत एएमसी घ्यावी आणि ट्यूबसाठी दरमहा पैसे बाजूला काढावेत. सीएमसीतही ट्यूबला स्कॅनची मर्यादा घातली आहे का, ते सहीआधी बघा.

एमआरआयचं दुखणं वेगळं. त्याचा मॅग्नेट रुग्ण नसतानाही चालूच असतो, उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेला. रिकाम्या खोलीतही कोल्डहेडचा, म्हणजे हेलियम थंड ठेवणाऱ्या भागाचा, एका लयीत ‘चिक्-चिक्’ आवाज येत राहतो. त्याला लागणारं थंड पाणी पुरवणारा चिलर बंद पडला की काही वेळात तो आवाज थांबतो आणि हेलियम उडायला लागतं. मध्यरात्री कंपनीचा माणूस येईपर्यंत चिलर पुन्हा चालू करणारा कुणीतरी आवारातच हवा. म्हणून मॅग्नेट, कोल्डहेड, हेलियम कंपनीकडे आणि चिलर, वीज, एसी आपल्या बायोमेडिकल टीमकडे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. मात्र नव्या सीलबंद मॅग्नेटमध्ये हेलियम काही लिटरच असतं. त्यासाठी जुन्या यंत्राइतकं हेलियम-संरक्षण विकत घेऊ नका.

अपटाइमचा, म्हणजे यंत्र किती टक्के वेळ चालू राहील या हमीचा, आकडाही नीट तपासा. ९५ टक्के म्हणजे वर्षाला १८ दिवस यंत्र बंद राहिलं तरी करार मोडत नाही. ९८ टक्क्यांना सातच दिवस. त्यातही हिशेब २४ तासांवर आहे की फक्त ड्युटीच्या वेळेवर, हे विचारा. ड्युटीच्या वेळेवर असेल तर रात्रीचा बिघाड मोजलाच जात नाही.

बाहेरच्या एजन्सीचा दर बहुधा कमी असतो. जुनी, समूहात चार-पाच ठिकाणी असलेली एकाच मॉडेलची यंत्रं त्यांना द्यायला हरकत नाही. सुटे भागही आलटून-पालटून वापरता येतात. अडचण सर्व्हिस-कीची, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्राचं सॉफ्टवेअर उघडणाऱ्या किल्लीची. ती कंपनीच्या ताब्यात असेल तर कुशल इंजिनिअरही एरर कोड बघत बसतो. ही की मागायची वेळ एकच: खरेदीची ऑर्डर देण्याआधी. नंतर तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

सोनोग्राफी आणि साध्या एक्स-रेसाठी स्वतःची टीम पुरते. सोनोग्राफीचे प्रोब (रुग्णाच्या अंगावर फिरवायचा भाग) पडून किंवा केबल पिळून खराब होतात; तिथे हाताळणीचं प्रशिक्षणच करारापेक्षा जास्त पैसे वाचवतं.

वाटाघाटीला बसण्याआधी प्रत्येक शाखेचं मागच्या दोन वर्षांचं बिघाडांचं रजिस्टर मागवा: काय बिघडलं, किती तास यंत्र बंद राहिलं, कोणता भाग बदलला. ते भरलेलं नसेल तर एक वर्षाचाच करार करा आणि आजपासून लिहायला लावा.