हायब्रिड गाडी, सोलापूरची धूळ आणि मागच्या सीटखालची ती जाळी

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, शोरूमशी वाद अजून मिटलेला नाही. स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला मोठी बॅटरी आणि मोटर, एवढं पुरे, बाकी फीचर्स सगळ्यांनी यूट्यूबवर बघितलेलेच असणार.

झालं काय, शोरूमवाल्यांनी एप्रिलमध्ये 'इंधन वाचवा' म्हणून सोलापूर-पुणे-सोलापूर रॅली काढली, आम्हीपण हौसेनं गेलो. आता मायलेज दाखवायची रॅली, आणि यांनी टपावर आडवा बोर्ड ठोकला, वर दोन झेंडे! स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो ओ, त्यात हा बोर्ड. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, सगळे 100 च्या पुढंच पळवत होते, कुणी थांबायला तयार नाही. पुण्यात टाकी फुल करून मायलेज काढलं तर लिटरला 18 किलोमीटर. म्हटलं, एवढे जास्तीचे पैसे मोजून हेच मिळणार होतं का?

पण हायब्रिडचा खरा फायदा हायवेला नाहीच, गावात आहे. सात रस्ता, आसरा चौक, सिग्नलला इंजिन बंद, हळू सरकताना बॅटरीवर, ब्रेक मारला की चार्जिंग. टाकी ते टाकी 23-24 पडतंय, तेपण 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल घालून (ऊस आपल्याच जिल्ह्यातला असेल, पण इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच). जुनी गाडी गावात 12 च्या वर जात नव्हती. म्हणजे 100 किलोमीटरमागं 4 लिटर वाचले, आणि लिटरमागं दोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, तोपण वाचला. एकट्याला पुण्याला जायचं असेल तर मात्र सरळ हुतात्मा एक्सप्रेस पकडा, कुठली गाडी घेऊन बसताय.

आता मुख्य मुद्दा, जाळी. येताना भिगवणच्या पुढं भर दुपारी स्क्रीनवर मेसेज, बॅटरी कूलिंगचं काम करून घ्या. ही मोठी बॅटरी केबिनमधली एसीची हवा ओढून थंड राहते, ती हवा मागच्या सीटखाली कडेला असलेल्या जाळीतून आत जाते आणि जाळीमागं बारका फिल्टर असतो. तो चोंदला की बॅटरी तापते, मग गाडी तिला जपायला लागते, इंजिन सारखं चालू आणि मायलेज खाली. आपल्याकडं उन्हाळ्यात 42-43 डिग्री असतंय, त्यात ही जाळी म्हणजे गाडीचं नाक समजा.

सर्व्हिसवाला म्हणतो, "सर, तुमच्याकडं धूळ लई आहे." अहो, सोलापूरची गाडी सोलापुरातच फिरणार की! सीट उचलून बघितलं तर यांनीच ॲक्सेसरीज म्हणून बसवलेलं सीट कव्हर निम्म्या जाळीवर आलेलं. तरी फिल्टर साफ करायचे पैसे बिलात लावलेच, वॉरंटीत बसत नाही म्हणे. दहा मिनिटांचं काम, आता मी घरीच ब्लोअर मारतो. आई मागं बसताना सीटवर चादर अंथरते, तेव्हा आधी जाळी उघडी आहे का बघतो, त्यावरून घरात बोलणी खातो ते वेगळंच.

घेणाऱ्यांनी डिलिव्हरीच्या दिवशीच जाळी कुठं आहे ते विचारा, आणि कव्हर तिथं कापून घ्या. मला कव्हर बदलून द्यायचं कबूल केलंय. फिल्टरचे पैसे परत मागितले की मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये असतात.