बेकेलाइटचा काळा टेलिफोन : पारख आणि पार्श्वभूमी

एरिक्सन या स्वीडिश कंपनीचा १९३० च्या दशकातील काळा टेलिफोन आता जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांकडेच मिळतो. नॉर्वेतील चित्रकार हायबर्ग यांनी त्याला रूप दिले आणि पुढे इतर देशांतील टेलिफोनांनीही तेच वळण उचलले. मात्र त्याची पारख करायची तर तो ज्या द्रव्याचा, म्हणजे बेकेलाइट या कृत्रिम प्लास्टिकचा, बनला आहे तेथूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याचे गुण आणि जवळजवळ सगळे दोष रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड यांनी १९०७ साली साधलेल्या एका रासायनिक प्रक्रियेतून आलेले आहेत.

रिसीव्हर उचलताच हाताला वजन जाणवते, पण तो कानाशी धरल्यावर जड वाटत नाही. पृष्ठभागावर अंगठा जोराने घासून थोडी ऊब आणली की कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. हा फिनॉल या बेकेलाइटमधील रसायनाचा वास असून अस्सल बेकेलाइट ओळखण्याची ती सोपी खूण आहे.

बेकलँड हे बेल्जियममधील घेंट शहरातील चांभाराचे पुत्र. १८८९ मध्ये ते अमेरिकेत आले आणि ‘वेलॉक्स’ या छायाचित्रणाच्या कागदाचा व्यवसाय दहा वर्षांनी कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांना विकून त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स येथील घराच्या आवारात प्रयोगशाळा थाटली. विजेच्या उपकरणांना लागणारी लाख ही राळ किड्यांपासून मिळे आणि ती मागणीला पुरी पडत नसे, म्हणून ते तिला पर्याय शोधत होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र आल्यावर चिवट राळ तयार होते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते, परंतु ती भांड्याला चिकटून बसे, कशातही विरघळत नसे आणि तापवताना फेसाळून सच्छिद्र होई. इतर संशोधक उष्णता कमी ठेवून ही प्रक्रिया आवरू पाहत होते. बेकलँड यांनी उलट उष्णता वाढवली आणि बंद पात्रात दाब देऊन फेस रोखला. त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे प्रक्रिया मध्येच थांबवून, त्या अर्धवट राळेच्या भुकटीत लाकडाचे पीठ मिसळून, ती तापलेल्या साच्यात दाबून कायमची कठीण करण्याची युक्ती त्यांनी बसवली. टेलिफोनचे हे घोटीव कोपरे त्या युक्तीमुळेच शक्य झाले, आणि त्यांच्या संशोधनातील याच टप्प्याबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो.

एकदा घट्ट झालेले बेकेलाइट पुन्हा वितळत नाही. त्यामुळे उष्णतेने या टेलिफोनचा आकार बिघडत नाही, विजेलाही तो दाद देत नाही, पण हातातून पडला तर तडकतो आणि तडा वितळवून सांधता येत नाही, केवळ गोंदाने चिकटवता येतो. मूळ राळ प्रकाशाने काळवंडत जाते, म्हणून गडद रंगच तिला साजतो. बरीच वर्षे उन्हात राहिलेला नग निस्तेज दिसतो. अशा वेळी मऊ कापडाने सौम्य पॉलिश लावावे. सँडपेपर मात्र वापरू नये, कारण वरचा गुळगुळीत थर निघून आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो, शिवाय बेकेलाइटच्या काही जुन्या वस्तूंत ॲस्बेस्टॉसही मिसळलेले असे.

टेलिफोन म्हणून तो आजही समाधान देतो आणि माझ्या मते तो घेण्यासारखा आहे. विकत घेताना रिसीव्हर ठेवण्याच्या खाचा आणि वायर आत जाते ते भोक उजेडात नीट पाहावे, कारण केसासारखे बारीक तडे बहुधा तेथूनच सुरू होतात. वरून रंग दिलेला नग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.