बाटली पाऊण लिटरची, पुडी एका लिटरची

घामावाटे गेलेले मीठ भरून काढण्यासाठी घरचे मीठ-पाणी घ्यावे की औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी, हा प्रश्न मुळात सर्वांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि लोणचे-पापड असलेल्या आपल्या ताटात ती मर्यादा न कळत ओलांडली जाते. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये. मी लिहितो आहे तो रविवारी सकाळी सायकलने सिंहगडाचा घाट चढणाऱ्याचा अनुभव आहे. एप्रिल-मे महिन्यांत खडकवासल्यापर्यंत परत येईतो बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात.

शास्त्राच्या दृष्टीने पुडी वरचढ आहे, हे आधीच मान्य करतो. एक पुडी एका लिटर पाण्यात कालवायची असते; तीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेटही असते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यातून लवकर शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते, हीच तिची खरी करामत. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. त्यामुळे जुलाब-उलट्यांमध्ये मी घरगुती प्रयोग करणार नाही, पुडीच फोडीन.

परंतु माझ्या सायकलची बाटली ७५० मिलिलिटरची आहे, आणि पुडी एका लिटरची. दिसायला क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकाने मला दोन उन्हाळे छळले. पूर्ण पुडी बाटलीत घातली की द्रावण गरजेपेक्षा दाट होते. पाऊण पुडी अंदाजाने घालावी, तर निरनिराळ्या क्षारांची ती पूड सारखी विभागली जाईल याची खात्री नसते, आणि उरलेली पाव पुडी पुढच्या रविवारपर्यंत ओल धरून गोळा होते. पातेल्यात लिटरभर कालवून बाटली भरली, तर उरलेले पेलाभर पाणी चोवीस तासांत संपवावे लागते, आणि घरी बसल्या बसल्या ते पिण्याची कोणाचीच इच्छा नसते. आमच्याकडे ते बहुधा मोरीतच जात असे.

घरच्या मिठाला ही अडचण नाही, कारण प्रमाण बाटलीप्रमाणे ठरवता येते. मी पाव चमच्याचे सपाट माप वापरतो. त्यात साधारण दीड ग्रॅम मीठ, म्हणजे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येते. त्यावर दोन चमचे साखर आणि अर्धे लिंबू. माप मात्र सोडू नये. ‘चिमूटभर’ म्हणताना प्रत्येकाची चिमूट वेगळी असते, आणि रिकाम्या पोटी फार खारट पाणी घेतल्यास काय होते, ते शंखप्रक्षालन, म्हणजे मीठ-पाणी पिऊन पोट साफ करण्याची योगक्रिया, केलेल्यांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी घाटात आडोसा शोधावा लागतो. सैंधव घातल्याने विशेष फरक पडतो असे मला जाणवले नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

पोटॅशियमची उणीव राहते, ती मी पायथ्याशी एक केळे खाऊन भरून काढतो. गडावरचे ताक चवीला अर्थातच सरस, पण ते बाटलीत घालून उन्हात नेण्याजोगे नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम त्या मानाने कमीच असते.

माझे मोजमाप एवढेच, की मीठ-पाणी सुरू केल्यापासून उतरताना पोटरीत गोळा आलेला नाही. त्याचे श्रेय कदाचित सरावालाही असेल. दोन-अडीच तासांपेक्षा लांबची फेरी असलेल्यांना, किंवा ज्यांची बाटली नेमकी लिटरची आहे त्यांना, पुडीच सोयीची वाटू शकेल. माझ्याकडे एक पुडी अजूनही सायकलच्या सीटखालच्या पिशवीत असते, मात्र गेल्या वर्षभरात ती फोडण्याची वेळ आलेली नाही.