स्वतंत्र राहण्याचे प्रशिक्षण: सहा आठवड्यांचा अनुभव

स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा आणि मज्जारज्जू नीट न बनण्याची स्थिती) असलेल्या तरुणांसाठीच्या सहा आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणवर्गाला मी नुकतीच जाऊन आले. शाळेत दर चार तासांनी कॅथेटर (लघवी बाहेर काढण्याची नळी) घालायला आई येत असे. ते काम येथे आरसा आणि मोबाइलचा गजर यांच्या मदतीने मी स्वतः करू लागले, आणि नोकरी टिकवायला पदवीइतकेच हेही उपयोगी पडेल, असे मला वाटते. पायांना संवेदना नसल्याने रोज रात्री लांब दांड्याच्या आरशात टाचा तपासण्याची सवयही लागली. मेंदूत पाणी साठल्यामुळे शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेल्या आमच्यापैकी अनेकांना कामांचा क्रम लावणे जड जाते, हे ओळखून प्रशिक्षकांनी ओट्यावर प्रत्येक पायरीचे चित्र चिकटवले होते. (दूध तरीही दोनदा उतू गेलेच.) आमच्यात लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, तरीही पहिल्या दिवशी साफसफाईसाठी लॅटेक्सचेच हातमोजे ठेवलेले पाहून मी चकित झाले, तक्रार केल्यावर ते बदलले, पण दोन दिवसांनी. नोकरीच्या मुलाखतीच्या सरावाला अवघी एक दुपार मिळाली. स्वच्छतागृहातील आधारदांड्या मात्र अचूक उंचीवर होत्या. व्हीलचेअरवरून कमोडवर मला कुणालाही हाक न मारता सरकता आले.