'वकिलाशिवाय मूल परत मिळवा' किट, 7,999 रुपये: गोव्यातल्या बापानं घ्यावं का?

5 पैकी 2 स्टार. त्यातला एक निव्वळ पान 41 साठी, दुसरा का दिला ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक केस चालू आहे तेवढी पुरे, दुसरी नको. ज्यांना रात्री मोबाईलवर ती जाहिरात दिसली असेल त्यांना बरोबर कळेल, काळा कोट भिरकावून देणारा माणूस आणि मागे झोपाळ्यावर पोरगी. मलापण रात्री एक वाजताच दिसली, त्या आठवड्यात मुलीला भेटायला गेलो होतो आणि दारातूनच परत आलो होतो, अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते विकत घेतो, मी किट घेतलं.

थोडं मागचं सांगतो म्हणजे रिव्ह्यू कळेल. मी दिचोली तालुक्यातला, कुंडईला कारखान्यात शिफ्ट ड्युटी. बायको पेडण्याला माहेरी, मुलगी सहा वर्षांची, तिच्याकडे. पहिला वकील केला होता, तो तारखेला ज्युनिअर पाठवायचा आणि ज्युनिअर पुढची तारीख घेऊन यायचा, त्यातच आठ महिने गेले. मोफत वकील मिळतो म्हणून लीगल एडमध्ये गेलो, तर 1987 च्या कायद्यात बाईमाणसाला उत्पन्न न बघता वकील देतात, बाकी बऱ्याच जणांना पगाराच्या मर्यादेत बसावं लागतं, मलाही तेच सांगितलं, आणि माझी पगाराची स्लिप बसली नाही. (तिथल्या मॅडमबद्दल पुढे लिहितो, माणूस सोन्यासारखं.) म्हणून ठरवलं की आपणच उभं राहायचं. कोर्टात याला पार्टी इन पर्सन म्हणतात. सीपीसीच्या (दिवाणी केस कशी चालवायची त्याचा कायदा) ऑर्डर 3 रूल 1 प्रमाणे आपल्या केसमध्ये आपण स्वतः उभे राहू शकतो, कुणाची मेहेरबानी लागत नाही.

किटमध्ये काय येतं: 212 पानांची पीडीएफ, हिंदीत 14 व्हिडिओ, इंग्रजी अर्जांचे 11 नमुने, आणि तीन महिने एका व्हॉट्सॲप ग्रुपची मेंबरशिप. वर 999 रुपये दिले तर 'केस ट्रॅकिंग'. हे ट्रॅकिंग म्हणजे सरकारचं ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप हो! ते फुकट आहे, आपल्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, स्टेज, ऑर्डर सगळं दिसतं, आणि 'माय केसेस'मध्ये सेव्ह करून ठेवता येतं. मी 999 भरले. हसा.

आता मुख्य दुखणं. पहिला नमुना उघडला, नाव-गाव भरलं आणि कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे नेला. त्याच्या दुकानाचा बोर्ड उन्हानं पुसलाय त्यामुळे नाव विचारू नका, कॉम्प्युटरच्या बाजूला जुना टाईपरायटर कापड घालून ठेवलाय ते दुकान. त्यानं पहिली ओळ वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "हें गोंयचें न्हय रे." अर्ज होता हिंदू विवाह कायदा 1955, कलम 26 खाली. आणि तो कायदा गोव्यात लागूच नाही! आपल्याकडे लग्न सिव्हिल रजिस्ट्रारच्या पुस्तकात दोनदा सह्या करून लागतं, घटस्फोटाचा कायदा 3 नोव्हेंबर 1910 चा पोर्तुगीज काळातला, 1962 च्या कायद्यानं तो तसाच पुढे चालू ठेवला. हे गोव्यातल्या शेंबड्या पोराला नाही तरी कोर्टाच्या बाहेर चहा विकणाऱ्याला माहीत असतं. 212 पानांत गोवा हा शब्द एकदाच सापडला, कुठे तर 'व्हिजिटला मुलाला फिरायला नेण्याची ठिकाणं' या यादीत. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, सर ऑल इंडिया सेम है. आणि रिफंड पॉलिसी सात दिवसांची, माझे नऊ झाले होते.

दुसरी गोष्ट, व्हिडिओ नंबर 2 मध्ये 'सर' छाती ठोकून सांगतात की फॅमिली कोर्टात वकील चालतच नाही. अर्धसत्य आहे. 1984 च्या फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम 13 मध्ये एवढंच आहे की वकील हा हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्ट परवानगी देऊ शकतं, आणि देतातही. माझं प्रकरण तर सिव्हिल जज सीनियर डिव्हिजनसमोर, तिथं त्या कलमाचा संबंधच काय. मी समोरच्या वकिलाला ऐकवणार होतो ते वाक्य, पाठ करून गेलो होतो, देवानंच वाचवलं कारण त्या दिवशी बोर्डावर आमचा नंबर लागलाच नाही.

तिसरी, मोबाईलमधल्या चॅटचा पुरावा द्यायचा तर जे सर्टिफिकेट लागतं त्याचा नमुना एव्हिडन्स ॲक्टच्या कलम 65 बी चा. तो एव्हिडन्स ॲक्टच गेला, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, तिथं कलम 63, आणि सर्टिफिकेटचे दोन भाग, दुसरा भाग एक्स्पर्टनं भरायचा. हे मला टायपिंगवाल्यानंच सांगितलं, पानाला तीस रुपये घेणाऱ्या माणसानं.

चुका सोडा, चुका सुधारता येतात. मला खरा राग कशाचा आला ते सांगतो. त्या 212 पानांतली बहुतेक पानं बायकोबद्दल आहेत. तिचे कॉल कसे रेकॉर्ड करायचे, तिच्या इन्स्टाचे स्क्रीनशॉट, तिचा पगार कसा शोधायचा, तिच्या भावानं शिवी दिली तर काय. रेकॉर्डिंग नवराबायकोच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालू शकतं असं 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, मान्य, पण ज्या कॉलवर मागे माझी पोर 'आई भांडू नको ना' म्हणते तो कॉल मी एक्झिबिट म्हणून लावू? आणि मुलीबद्दल किती पानं, तर दोन.

आणि जजनी काय विचारलं ऐका. माझ्या भेटीच्या अंतरिम (केस संपेपर्यंतच्या तात्पुरत्या) अर्जावर समोरच्यांचा से यायचा होता (से म्हणजे त्यांचं म्हणणं, पहिल्यांदा 'अदर साईड टु से' ऐकलं तेव्हा मला वाटलं आत्ताच बोलणार म्हणून मी वळून बघत बसलो), तो आला, आणि मी किटमधला नऊ पानी युक्तिवाद पुढे केला. जजमॅडमनी दोन पानं उलटली आणि फाईल मिटली. म्हणाल्या, मुलगी किती वाजता झोपते? मी गप्प. शाळेतून कोण आणतं? तुमची सेकंड शिफ्ट असली तर ती तुमच्याकडे आल्यावर कोणाजवळ राहणार? तिला कसली ॲलर्जी? माझ्या हातात कायद्याची 40 कलमं आणि एका प्रश्नाचं धड उत्तर नाही, घाम फुटला. अकरा महिन्यांपूर्वी नऊला झोपायची, आता कितीला झोपते मला कुठून माहीत. तेच खरं तर माझं रडगाणं होतं, पण ते असं सरळ सांगायला कुठल्या व्हिडिओत शिकवलं नव्हतं.

त्या रात्री पीडीएफ परत उघडली तेव्हा पान 41 सापडलं. एक कोरा तक्ता. वार, वेळ, कुठून घ्यायचं, कोण सोडणार, आजारी पडली तर बदली दिवस कुठला, फोनची वेळ, सणवार, मे महिन्याची सुट्टी. शीर्षक नाही, व्हिडिओत त्याचा उल्लेख नाही, बहुतेक कुठून तरी उचलून चिकटवलाय. सणांच्या रांगेत होळी, राखी आणि चक्क करवा चौथ! आणि चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी, नाहीच. गोव्यातल्या माणसाला चवथ सोडून करवा चौथ विचारणारं हे किट, काय बोलायचं.

मी चवथ हातानं लिहिली. आणि खरं सांगू का, सगळं तिथंच सुटलं. आमच्या मूळ घरी गणपती पाच दिवसांचा, तिच्या माहेरी दीड दिवसाचा. म्हणजे दीड दिवस पोर तिकडे, विसर्जन झालं की तिसऱ्या दिवशी सकाळी इकडे. दोन्ही घरचे गणपती तिला मिळतात. मी तक्ता पुढे केला तेव्हा समोरच्या वकिलानं पहिल्यांदा मान हलवली. माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) बांधताना ती आमच्याकडे नसणार एवढं राहिलं, पण उतरवताना असणार. दिवाळीला नरकासुराची रात्र तिकडे, कारण तिच्या मामाच्या वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा मोठा असतो आणि तिला तोच बघायचाय, हे मी स्वतः लिहून दिलं. दुसरा-चौथा रविवार सकाळी दहा ते पाच, पहिले तीन महिने मये तळ्यावर, तिची आजी सोबत बसणार, नंतर घरी. आजीचं मला पटलं नव्हतं पण आता वाटतं बरं झालं, पोरीला पहिल्या दिवशी माझी सवयच राहिली नव्हती.

फोनचं लीगल एडच्या मॅडमनी सुचवलं. मी मर्यादेत बसत नाही म्हणून हाकलून न देता पंधरा मिनिटं बसवून सांगितलं की 2020 च्या यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, ज्या पालकाकडे मूल नाही त्याला भेटीखेरीज संपर्काचा हक्कही आहे, शक्य असेल तर व्हिडिओ कॉल, रोज पाच-दहा मिनिटं सुद्धा. किटमध्ये हा निकालच नाही! 15100 हा त्यांचा हेल्पलाईन नंबर, लिहून ठेवा. तर रोज साडेसातला दहा मिनिटं असं ठरलं, दोघांच्या संमतीनं अंतरिम ऑर्डर झाली. पहिला आठवडा मला फक्त सिलिंग फॅन दिसायचा, फोन उताणा टाकून ती खेळत असायची. मी फॅनशी बोलायचो. आता दात दाखवते, पुढचे दोन पडलेत.

ग्रुपबद्दल थोडक्यात. 180 पुरुष, रात्री दोन वाजता सगळे जागे. काही जण खरंच बिचारे, एकानं तीन वर्षं मुलाला पाहिलं नव्हतं. पण एखाद्यानं 'आज भेट छान झाली' लिहिलं तर कुणी उत्तर देत नाही, 'आज बायकोची चांगली जिरवली' लिहिलं की पन्नास अंगठे. मी एका महिन्यात बाहेर पडलो.

मग आपली केस आपण चालवावी का? माझ्यापुरतं सांगतो. भेटीचा अंतरिम अर्ज, तारखा, रोजनाम्याची (तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) नक्कल काढणं, सर्टिफाईड कॉपी, एवढं जमतं. इंग्रजीचा त्रास होतो, आपलं शिक्षण मराठीतून, कोर्टाचं सगळं काम इंग्रजीत, पण छोटी वाक्यं लिहिली तर चालतं. कोर्टात कपडे साधे, फाईल एकच, प्रत्येक कागदाच्या तीन कॉपी, आणि शिरस्तेदाराशी (कोर्टाच्या ऑफिसातला मुख्य कारकून) हळू बोला. समोरून मारहाणीचा किंवा मुलाला त्रास दिल्याचा आरोप असेल तर मात्र कृपा करून वकील करा, तिथं शहाणपणा नको. आणि उलटतपासणी. किटवाले सर व्हिडिओ 11 मध्ये हसत म्हणतात, आता येणार खरी मजा, बायको पिंजऱ्यात आणि प्रश्न तुमचे. मी आरशासमोर एकदा करून बघितलं. जिच्याबरोबर सात वर्षं एका ताटात जेवलो तिला 'हे खरं नाही का' असं सगळ्यांसमोर विचारायचं, आणि नंतर रविवारी तिच्याच हातातून पोर घ्यायची. नाही जमणार. त्या टप्प्यापुरता वकील ठरवलाय, तरुण मुलगी आहे, तारखेला स्वतः येते.

हिशोब: किट 7,999, ट्रॅकिंग 999, दोन्ही पाण्यात. टायपिंग, झेरॉक्स, ॲफिडेव्हिट, स्टॅम्प मिळून हजाराच्या आतबाहेर, आणि त्यातूनच ऑर्डर झाली.

टायपिंगवाल्याला पान 41 आवडलं. करवा चौथ खोडून चवथ, शिगमो, नाताळची सुट्टी घालून त्यानं नवीन टाईप करून ठेवलंय. कोरी प्रत दोन रुपयांना देतो, दुपारी एक ते तीन दुकान बंद.