केबलवाले डिस्क ब्रेक: आठ महिने, भरपूर घाट आणि एक बिनक्लिकचा स्क्रू

रोड सायकलला केबलवाले डिस्क ब्रेक पुरतात की तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिकच हवेत, हा वाद सपाट रस्त्यावर निरर्थक आहे. तिथे काहीही पुरतं. खरी परीक्षा घाट उतरताना. हा अनुभव आठ महिन्यांचा, सुमारे ३,००० किलोमीटरचा. रस्ते अरुंद, उतार ८ ते १२ टक्क्यांचे, मध्येच टेकडीवर वसलेली जुनी दगडी गावं आणि वेशीतून आत शिरलं की डांबर संपून फरसबंदी सुरू. टायर ७००×३२, रोटर (चाकावरची ब्रेकची तबकडी) १६० मिलिमीटर, कॅलिपर (तबकडीला पॅडने दाबणारा भाग) एका पिस्टनचे. बाकी स्पेसिफिकेशन वाचणाऱ्यांना पाठ असतील.

लिहायला निमित्त ताजं आहे. गावातून खाली येणाऱ्या उतारावर मागचा लिव्हर थेट हँडलबारला टेकला. पॅड शिल्लक होते, केबल शाबूत होती. सर्व्हिसवाल्यांचं निदान: 'कॅलिपर गेला, हायड्रॉलिक टाका.' कॅलिपरला काहीही झालेलं नव्हतं. आतल्या पॅडचा स्क्रू मागे सरकला होता, बस. पाच मिलिमीटरची अॅलन-की आणि दोन मिनिटं, एवढीच ती दुरुस्ती.

या स्क्रूबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये केबल ओढली की फक्त बाहेरचा पॅड सरकतो. तो रोटरला ढकलतो, रोटर किंचित वाकतो आणि आतल्या स्थिर पॅडवर जाऊन दाबला जातो. म्हणजे आतला पॅड रोटरपासून जितका लांब, तितका लिव्हरचा प्रवास नुसता रोटर वाकवण्यात वाया. अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं, ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवं. ते एक मिलिमीटरवर गेलं की ब्रेक 'आहे पण लागत नाही' अशा अवस्थेत येतो. ते अंतर ठरवणारा हा एकच स्क्रू, आणि त्याला क्लिक नाही. काही कॅलिपरना टकटक करत फिरणारी चकती असते, ती जागच्या जागी बसते. इथे गुळगुळीत आटे, फक्त घर्षणाच्या भरवशावर. कारखान्यातून अशा स्क्रूवर बहुधा आटे धरून ठेवणारा निळा लेप लावून येतो, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने तक्रार नसते. पॅड झिजतील तसा स्क्रू वरचेवर आत घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो लेप खरवडला जातो. मग फरसबंदीवरची थरथर उरलेलं काम करते. एवढ्या पैशांच्या वस्तूत एक स्प्रिंग आणि एक गोळी घालायला काय जात होतं, हे कळत नाही.

उपाय असा. चाक काढा, पॅड काढा, स्क्रू पूर्ण बाहेर घ्या, आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे पकडणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब लावून परत बसवा. पॅड जागेवर असताना हे करू नका. थेंब पॅडवर ओघळला तर तो पॅड बाद. मग ठरलेलं अंतर साधून स्क्रूच्या डोक्यावर आणि कॅलिपरच्या अंगावर मिळून एक रंगाची रेघ ओढा, नेलपॉलिशही चालतं. घाट उतरायच्या आधी त्या रेघेकडे एक नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. आटे एक मिलिमीटरचे असतील तर पाव फेरी म्हणजे पाव मिलिमीटर, आणि लिव्हरवर ते स्पष्ट जाणवतं.

कॅलिपर मध्यावर आणायची पद्धतही याच स्क्रूवर अवलंबून आहे. दोन्ही माउंटिंग बोल्ट सैल करा, आतला पॅड रोटरला जेमतेम टेकेपर्यंत आत घ्या, लिव्हर घट्ट दाबून धरा (रबर बँड लावला तर हात मोकळा राहतो), बोल्ट आलटून-पालटून पाव-पाव फेरी आवळत ६ ते ८ न्यूटन-मीटरवर आणा. लिव्हर सोडा, मग आतला पॅड फक्त घासणं थांबेपर्यंत मागे घ्या. एक बोल्ट आधी पूर्ण आवळला तर कॅलिपर तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखे झिजतात.

आता माझंच एक मत मागे घेतो. पहिल्या दोन महिन्यांनंतर कुणी विचारलं असतं तर 'मागच्या ब्रेकला दम नाही' असं मी सांगितलं असतं. दोष कॅलिपरचा नव्हता, आउटरचा, म्हणजे केबलवरच्या आवरणाचा होता. सायकलसोबत आलेलं ब्रेकचं साधं आउटर म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. जोर लावला की ते दबतं. पुढे लांबी कमी म्हणून चालून जातं. मागे दीड मीटरच्या आसपास लांबी आणि तीन-चार वळणं, तिथे लिव्हरचा बराचसा जोर आउटर आवळण्यातच जातो. ब्रेकसाठीच बनवलेलं, न दबणारं आउटर घातल्यावर तोच कॅलिपर वेगळा वाटायला लागला. कॅलिपर बदलण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ. मात्र काटकसरीच्या नादात गिअरचं आउटर ब्रेकला लावू नका. त्यातल्या तारा सरळ असतात खऱ्या, पण त्यांना फक्त प्लॅस्टिकने धरून ठेवलेलं असतं, आणि ब्रेकच्या जोराने ते फाटू शकतं. नवं आउटर कडक असतं, वळणं मोठी ठेवावी लागतात. कापताना खरा केबल-कटर वापरा, टोक कानशीने सपाट करा, आतली नळी टोच्याने उघडा. टोक तिरकं राहिलं तर ते आउटरच्या टोकाला बसणाऱ्या टोपीत बसत बसत दबतं आणि सगळा फायदा गेला.

बॅरल अॅडजस्टरचा, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या फिरकीचा, मोह टाळा. लिव्हर सैल झाला की हात आधी तिकडेच जातो. केबल ताणून ताणून कॅलिपरचा दांडा (केबल ज्याला ओढते तो) अर्धवट फिरलेल्या अवस्थेतच थांबला, तर पुढे फिरायला जागा उरत नाही आणि ऐनवेळी तो टेकतो. बॅरल फक्त केबल सैलावली तर. पॅडची झीज पॅडच्या स्क्रूनेच भरून काढायची. बाहेरच्या पॅडला वेगळा स्क्रू असेल तर तोही वापरा, नसेल तर केबल क्लॅम्पपाशी सोडून पुन्हा पकडा.

पॅड. तिसऱ्या महिन्यात टिकाऊपणासाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घ्यायचं ठरत होतं. रोटरवर बारीक अक्षरांत 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं दिसलं आणि बेत बारगळला. अशा रोटरचा पोलाद मऊ असतो, सिंटर्ड पॅड त्याला खाऊन टाकतात. रोटर नवा १.८ मिलिमीटर जाड, १.५ ला बदलायचा. रेझिन पॅड ओल्या, चिखलाच्या रस्त्यावर भराभर झिजतात हे खरं, आणि मागचे आधी संपतात, कारण पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिकडेच उडतो. पॅडचा मसाला ०.५ मिलिमीटर उरला की बदला. त्याच्या खाली गेलात तर धातूवर धातू. नवे पॅड ताशी २० ते २५ किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा दाबून बसवून घ्या. ही पायरी गाळली की पॅड चकाकतात, म्हणजे काचेसारखे गुळगुळीत होतात, आणि मग ब्रेक ओरडतो. दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेल्या बोळात तो आवाज कसा घुमतो ते विचारू नका. पारावरची सगळी डोकी वळतात.

चकाकण्याचं दुसरं कारण म्हणजे उतारभर ब्रेक घासत ठेवणं. स्वार, सायकल, सामान मिळून ८५ किलो आणि १० टक्क्यांच्या तीन किलोमीटर उतारावर ३०० मीटर खाली यायचं असेल तर साधारण २५० किलोज्यूल ऊर्जा जिरवायची असते. ताशी ४० ने आलं तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग हवा आणि टायर खातात. ताशी १५ ने ब्रेक धरून आलं तर जवळजवळ सगळीच रोटर आणि पॅडवर येते. म्हणून सरळ पट्ट्यात ब्रेक सोडायचा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ लावायचे. पॅड चकाकलेच तर सपाट पृष्ठभागावर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून चार-पाच वेळा घासा आणि पुन्हा बसवून घ्या.

जुन्या गावांचा प्रश्न वेगळा. तिथले रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी आणि ओझ्याच्या जनावरांसाठी झालेले, वळसे न घेता सरळ वर जाणारे. त्यामुळे शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात तीव्र, आणि शतकानुशतकांच्या पायांनी दगड गुळगुळीत. ओल्या दगडावर ब्रेकच्या ताकदीचा उपयोगच नाही, टायर आधी सुटतो. वेग पहिल्या दगडाच्या आधी, डांबरावर असतानाच उतरवायचा. टायरमध्ये मागे ५५, पुढे ५० पीएसआयच्या आसपास पुरे. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर काटकोनात ओलांडा. चढताना ३४ दात पुढे, ३४ मागे हा गिअर मिनिटाला ६० फेऱ्यांना ताशी पावणेआठ किलोमीटर देतो. सामान असेल तर याहून हलका हवा होता, पण तो या लेखाचा विषय नाही.

हायड्रॉलिक घ्यावेत का? नवी सायकल घेताना परवडत असतील तर जरूर. पॅडची झीज ते आपोआप भरून काढतात, म्हणजे माझं अर्ध्याहून अधिक रडगाणं तिथे संपतं. पण आहे त्या सायकलवर लिव्हर, होज, कॅलिपर सगळं बदलायचं, तेही एका स्क्रूपायी? नाही. आउटर बदललं, रेघ ओढली, काम भागलं. पॅड आता मागे ०.९ मिलिमीटर, पुढे १.३. रेघ मात्र परवाच्या फरसबंदीनंतर पुन्हा केसभर सरकलेली दिसली, थ्रेडलॉकर लावूनसुद्धा.