रिको जीआर ३ : डोंबिवली ते फोर्ट, आठ महिन्यांचा अनुभव

घरातल्या प्रत्येक समारंभाचे फोटो मीच काढत आल्यामुळे आमच्या बारा वर्षांच्या अल्बममध्ये मी जवळजवळ नाहीच. ही उणीव भरून काढावी, आणि तीही नटूनथटून नव्हे, तर रोजच्या धावपळीत मी जशी असते तशी, या हेतूने आठ महिन्यांपूर्वी हा कॅमेरा घेतला.

बॅटरी व कार्डासह २५७ ग्रॅम वजनाचा हा कॅमेरा डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावतो, आणि मला ही गोष्ट त्याच्या २४ मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची वाटते. लोकलमध्ये एक हात कडीला असला तरी दुसऱ्या हाताने फोटो घेता येतो. ‘स्नॅप फोकस’मध्ये, म्हणजे फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याच्या सोयीत, अंतर दीड मीटरवर आणि अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/८ वर ठेवले, की साधारण एक ते चार मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते, बटण एका दमात दाबले की फोकस शोधण्यात क्षण वाया जात नाही. भाजी निवडणारे हात, चौथ्या सीटवर टेकवलेली पर्स, ठाण्याला उतरणाऱ्यांची लगबग हे सारे मला याच पद्धतीने मिळाले.

लेन्स फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने २८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी असून तिला झूम नाही, त्यामुळे जवळ जावे लागते. महिलांच्या डब्यात विचारल्याशिवाय मी कोणाचाही चेहरा टिपत नाही. म्हणून नजर हातांकडे आणि खिडकीतल्या प्रतिबिंबांकडे वळली. तिसऱ्या महिन्यात फोटो एकत्र पाहताना त्यांत वारंवार मीच दिसू लागले : हळदीने पिवळी झालेली नखे, मनगटावर सैल पडणारे आईचे घड्याळ, फायलींवर टेकलेले कोपर. लग्नाच्या फोटोंतही मी स्वतःला इतकी ओळखीची वाटत नाही.

मर्यादा घेण्यापूर्वीच समजून घ्याव्यात. पाण्यापासून संरक्षण नसल्याने पावसाळ्यात मी तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर नाही. बॅटरी कंपनीच्या मापनानुसार सुमारे २०० फोटो पुरते, त्यामुळे दुसरी जवळ असावी. मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी, जिथे दुरून टिपायचे असते, तिथे मी तो नेत नाही. व्यक्तिचित्रांची आवड असणाऱ्यांनी ४० मिमीचा, म्हणजे थोडे जवळचे दृश्य देणारा जीआर ३ एक्स आधी हाताळून पाहावा.

गेल्या आठवड्यात मुलीने याच कॅमेऱ्याने मला ओट्याशी पाठमोरी टिपले, हातात डब्याचे झाकण आणि खांद्यावर अडकवलेली ऑफिसची बॅग. तो फोटो छापून अल्बमच्या पहिल्या पानावर लावला आहे.